गुरुजींच्या वाडीतलं सोनं

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला आधी उकिरडा दाखवत आणि मग पाणी विचारत.

(पाणी विचारेपर्यंत पाहुणा थांबला तर!)

हा रिवाज माझ्या बाबांनी पाडलेला. बाबा अल्लीपूरच्या शाळेत हेडमास्तर. अंगानं इतके बारीक की सदरा दोरीवर वाळत घातलाय की बाबांनी घातलाय, हे जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. आवाज मात्र असा, की त्यांनी वर्गात ‘बसा’ म्हटलं की बाहेरच्या रस्त्यावरचे बैलसुद्धा विचारात पडायचे. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात ज्याला त्याला दानाचं वेड लागलं होतं. कोणी जमीन देई, कोणी विहीर, कोणी अंगमेहनत. बाबा पवनारकडे कसल्याशा शिबिराला म्हणून गेले, चार दिवसांनी उन्हानं काळे होऊन परत आले, आणि पायरीवर उभं राहून त्यांनी गल्लीकडे दान मागितलं. कचऱ्याचं!

“मला जमीन नको! मला धान्य नको! मला तुमचा केर द्या!”

 आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या मथुरामावशींनी हातातली केरसुणी तशीच धरून आईला विचारलं, “काऊन वो बाई, गुरुजीले ऊन लागलं का?”

पण बाबा ऐकणारे नव्हते. गल्लीच्या मागे सगळ्यांचा मिळून एक भलामोठा उकिरडा होता. दुसऱ्या दिवशी बाबा त्यावर चढले आणि हात उंचावून म्हणाले, “हा उकिरडा नाही! ही उद्याची बाग आहे!”

“उद्याची हाये तं उद्या पाहू, गुरुजी,” मावशी खालून ओरडल्या. “आज उतरा खाली. पाय फसून राह्यला तुमचा!”

आणि खरंच फसला. तो काढताना बाबांची चप्पल आत राहिली ती कायमची. बाबांच्या मते त्या बागेतली पहिली आहुती ती चप्पल.

हसायचं तेवढं हसून झाल्यावर गल्ली कामाला लागली, हे मात्र मान्य करायला हवं. उकिरडा उपसून त्याची वाडी झाली. खड्डा खणला. त्यात चुलीची राख, गोठ्यातलं शेण, तुरीच्या भुशाचं कुटार, कपाशीच्या पऱ्हाटीची बारीक तोडलेली काडी, पळसाची पानं, भाजीची देठं, असा थरावर थर. न्हाणीतून वाहून जाणारं पाणी चर काढून केळीच्या बुंध्याशी नेलं. फुटक्या माठांत मिरच्या लावल्या. एक पावसाळा गेला आणि वाडीत अशी वांगी लागली, अशी भेदरं (म्हणजे टोमॅटो) लाल झाली, सांबार (म्हणजे कोथिंबीर) असा फोफावला, की हिंगणघाटच्या बाजारातून भाजी आणणं गल्लीनं सोडूनच दिलं. ज्याला जे लागेल ते त्यानं तोडून न्यावं, आणि बदल्यात केर द्यावा, एवढाच नियम.

या सगळ्यात मी बाबांची पट्टशिष्या! सातवी पास झालेली, एकोणीस वर्षांची घोडी, हातात फावडं आणि तोंडात व्याख्यान. ऐकायला कोणी नसेल तर मी गाईला सांगत असे. गाईनं बिचारीनं कधी उलट प्रश्न विचारला नाही. तिच्याकडून फक्त शेणाची अपेक्षा असायची आणि ती तिनं नेहमी पुरी केली.

बाबांचं एकच चुकत होतं. ते केर तपासायचे. कोणी टोपलं रिकामं केलं की बाबा पेपर तपासावा तसे त्यावर वाकत.

“मथुराबाई, काल एकादशी होती ना?”

“हाव तं! निराकार उपास होता माहा!”

“मग ही कांद्याची सालं?”

(निराकार नव्हे, निरंकार. पण सालं साकार होती.) तेव्हापासून मावशी आपलं टोपलं दिवेलागणीला, इकडे तिकडे पाहत, पदराखाली झाकून आणत आणि राखेसकट एका हिसक्यात खड्ड्यात उपडं करून पळत. अख्ख्या गल्लीत कोणी काय खाल्लं हे बाबांना माहीत असायचं, आणि लोक त्यांना जरा वचकून असायचे, ते हेडमास्तर म्हणून नव्हे.

एवढ्यावर बाबा थांबते तर माझं लग्न वेळेवर झालं असतं. पण बाबांनी दुसरा खड्डा खणला.

त्या काळी सगळं गाव सकाळी डबा घेऊन नाल्याकडे जायचं. बाबांनी वाडीच्या एका टोकाला बांबूच्या तट्ट्यांचे आडोसे उभारले, आत चर खणले, बाजूला मातीचा ढीग आणि एक फुटकं टमरेल ठेवलं. कार्यभाग उरकला की वरून माती लोटायची. चर भरला की ते सगळं दुसऱ्या खड्ड्यात, वर पुन्हा माती आणि पाला. हे काम बाबा स्वतः करायचे, आणि मी त्यांच्या मागून. काही महिन्यांनी त्याचं काळंभोर, भुरभुरीत, वास म्हणून नसलेलं खत व्हायचं. त्याला म्हणतात सोनखत! बाबा तो शब्द असा उच्चारत, की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत.

“अवो, हे पाव्हण्यायले दाखवू नोका,” आई काकुळतीनं म्हणायची.

“का? चोरी केली आहे का आपण?”

आर्वीचं एक स्थळ चालून आलं. बाबांनी मुलाच्या बापाला हाताला धरून सोनखताच्या खड्ड्याशी नेलं आणि मूठभर खत त्याच्या नाकाशी धरलं. “घ्या वास! येतो का?” त्या गृहस्थांना वास आला की नाही कळलं नाही, कारण ते थेट बसथांब्यापर्यंत श्वास रोखूनच गेले. मग पुलगावचं स्थळ आलं. मुलगा धिप्पाड होता. बाबांनी त्याला फावडं दिलं. मुलानं खड्डा छान उलथून दिला, हात धुतले, आणि नकार कळवला.

आई रडकुंडीला आली. “पोट्टी अशीच राह्यते आता! खतासारखी पडून!”

“पडून राहिलं की खत सुधारतं,” बाबा म्हणाले, आणि त्या रात्री त्यांना ताटात ठेचा-भाकरीशिवाय काही मिळालं नाही.

शेवटी मथुरामावशींना माझी दया आली. त्या देवळीला बहिणीकडे गेल्या आणि येताना स्थळ घेऊनच आल्या. मुलाचं नाव माधव, वर्ध्याला नोकरी. वडील नानाजी, देवळीतली मोठी असामी. घरची शेती, दारात बैलजोडी, बोलायला करडे. रविवारी पाहायला येणार!

“पण मावशी, ते एवढे मोठे लोक, आमच्याकडे कसे काय तयार झाले?” मी विचारलं.

“झाले बाप्पा.” मावशी पदराशी चाळा करू लागल्या. “म्या सांगतलं त्यायले, गुरुजीच्या वाडीत सोनं हाये म्हून.”

“मावशी! सोनं?”

“मंग? खोटं बोलली का मी? तुहा बापच तं सोनखत सोनखत करत राह्यते दिवसभर. म्या सोनं तेवढं सांगतलं, खत गिळलं!”

मी आईकडे धावत गेले. आईनं ऐकलं, दोन मिनिटं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, “येऊ दे. एकदा तुले पाहून घेऊ दे त्यायले. मंग पाहू सोन्याचं.” मग तिनं बाबांना देवासमोर उभं केलं आणि शपथ घातली, की पाहुणे घरात असेपर्यंत ‘खत’ हा शब्द तोंडातून काढणार नाही आणि कोणालाही वाडीत नेणार नाही. बाबांनी शपथ घेतली. गांधारीनं डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा तिचा चेहरा असाच झाला असेल.

पण खड्ड्याचं काय करायचं? सोनखताच्या खड्ड्यावर मातीचा जाड थर होता, तो मुका बसला होता. त्याच्या शेजारचा केराचा खड्डा मात्र आदल्याच आठवड्यात काठोकाठ भरलेला, ताजा, पोकळ, आणि आतून वाफाळत असलेला. आईनं हुकूम सोडला, “शकू, याच्यावर तट्ट्या टाक. वरून आपली चांगली सतरंजी हातर. पाव्हण्यायनं खिडकीतून पाह्यलं तं वाटलं पाह्यजे, का आमी संध्याकाळी हवा खायले बसतो इथं!”

मी टाकल्या. तट्ट्या टाकल्या, सतरंजी अंथरली, सुरकुती काढली, आणि चार कोपऱ्यांवर चार मिरचीचे माठ ठेवले. माझ्या मते ते दृश्य फार सुंदर दिसत होतं.

रविवारी नानाजी आले. दारातून त्यांचं पोट आधी आलं, मग मिशा, मग स्वतः नानाजी. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. मागून माधव, चष्मा लावलेला, गप्प, वडिलांच्या सावलीत मावेल एवढाच. मी दाराआड पोह्यांचं तबक घेऊन उभी. आईनं बजावून ठेवलं होतं: मान खाली, आवाज बारीक, ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे तिसरा शब्द नाही!

बाहेर थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मग नानाजींनी खाकरून गळा साफ केला.

“गुरुजी, देवळीत आमच्या कानावर आलं… तुमच्याकडे म्हणे सोनं हाये.”

बाबांचा चेहरा उजळला. मग त्यांना शपथ आठवली. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात आईचा एक डोळा होता. बाबा हळू आवाजात म्हणाले, “आहे. पण बोलायची मनाई आहे.”

“समजलो, समजलो!” नानाजी पुढे सरकले. “असं उघड बोलूच नोये. पण… किती असंन?”

“दोन बैलगाड्या तरी भरतील.”

नानाजींनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

“दो… दोन गाड्या? अन् ठेवलं कुठी?”

“मागेच. खड्ड्यात.”

“उघड्यावर?”

“वरून माती लोटली की झालं. कोण चोरतो?”

“पण गुरुजी, मास्तरकीत एवढं… आलं कुठून?”

“अहो, सगळी गल्ली देते!” बाबांना आता राहवेना. “रोज सकाळी! लहानथोर सगळे! पूर्वी बिचारे नाल्याकडे जाऊन टाकत होते. वाया जात होतं हो पिढ्यान्‌पिढ्या!”

नानाजींनी कपाळावरचा घाम पुसला. नाल्याकडे सोनं टाकणारं गाव त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. “अन् पोरीच्या लग्नात… म्हणजे आमची काही मागणी नाई, पण थोडंफार…”

“थोडं कशाला? हवं तेवढं न्या! तुमची बैलगाडी पाठवा, मी स्वतः भरून देतो. आणि संपलं की पुन्हा पाठवा. आमच्याकडे रोज होतंच!”

दाराआड मी पदर तोंडात कोंबला होता. आईनं मला मागून ढकललं. “जा आता! हसली तं पाय तोडीन!”

मी तबक घेऊन बाहेर आले. मान खाली. नानाजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते.

“नाव काय तुहं?”

“शकुंतला.”

“चांगलं हाये. वाडीकडे जायचा रस्ता कुठून?”

“अं?”

“नाई म्हणजे, जरा मागं जाऊन येतो. धोतराले पोह्याचा हात लागला.” आणि पोह्यांना बोटही न लावता नानाजी काठी घेऊन उठले.

बाबा उठायला लागले तशी आईनं आतून भांडं आपटलं. बाबा बसले. मी मात्र खिडकीकडे सरकले. खिडकीतून मला दिसत होतं: नानाजी वाडीत शिरले. त्यांनी वांग्यांकडे पाहिलं नाही, कोहळ्यांकडे पाहिलं नाही. त्यांची नजर सतरंजीवर खिळली. झाडाझुडपांत, भर दुपारी, कोणी माणूस नसताना अंथरलेली सतरंजी! चार कोपऱ्यांवर चार माठांचा पहारा! कोणालाही वाटेल की खाली काहीतरी दडवलंय. (मला ते सजवताना सुचलं नव्हतं.) नानाजींनी काठीनं टोचून पाहिलं. खाली मऊ लागलं. मग ते आनंदानं दोन्ही पायांनी सतरंजीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

सतरंजीनं त्यांना थोडा वेळ धरलं. मोठ्या माणसाचा मान ठेवला असावा. मग कर्र असा आवाज झाला, आणि नानाजी छातीपर्यंत दिसेनासे झाले.

“अरे वाचवा! अरे भाजलो! अरे खाली चूल हाये!”

सगळे धावले. गल्ली धावली. टोपी एका मिरचीच्या माठावर जाऊन बसली होती, मिशांत कुटार, आणि नानाजी खड्ड्यात दोन्ही हात मारत होते. जितके हात मारत तितके आत जात.

“हलू नका नानाजी!” बाबा ओरडले. “आतली उष्णता बाहेर जाईल!”

“अहो, मी आत हावो नं!”

“म्हणूनच म्हणतो! अजून आठ दिवस तरी उलथायचं नाही!”

माधव एव्हाना विहिरीचा दोर घेऊन आला होता. वडिलांच्या काखेतून दोर घातला, एका टोकाला माधव, मी, आई. दुसऱ्या टोकाला गल्ली. “ओढा रे!” नानाजी इंचाइंचानं वर येऊ लागले, आणि मध्येच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेली. खाली काहीतरी हाताला लागलं होतं.

“थांबा! ओढू नोका! सापडलं!” आणि राखेनं माखलेला हात त्यांनी बाहेर काढला. हातात काहीतरी पिवळंजर्द चमकत होतं! “सोनं! सोन्याचा हंडा!”

गल्ली खड्ड्याच्या काठाशी दाटली. तेवढ्यात गर्दीतून मथुरामावशी पुढे घुसल्या.

“कायचा हंडा? हा तं माहा पाणी प्यायचा गडवा होय! पितळेचा! पंधरा दिवसापासून सापडून नाई राह्यला! आना इकडं!”

“बाई, हे सोनं…”

“बुडाले नाव हाये पाहा माह्या मालकाचं! राखेसंगं गेला असंन टोपल्यात. गुरुजीच्या भेवानं अंधारात टाकाव लागते नं मले केर!” आणि मावशींनी नानाजींच्या हातातून गडवा हिसकावला. त्या झटापटीत दोर सुटला आणि नानाजी पुन्हा होते तिथे गेले.

अखेर निघाले एकदाचे. त्यांना विहिरीवर नेलं. पाणी शेंदायला मी, अंगावर टाकायला माधव. पहिल्यांदाच त्या माणसाचं तोंड उघडलं.

“एक विचारू? खाली विस्तव नाही, काही नाही, मग एवढं गरम कसं?”

झालं! हो आणि नाही या दोन शब्दांत याचं उत्तर बसत नव्हतं. माझी मान वर झाली, आवाज मोठा झाला, आणि भरलेली बादली काठावर टेकवून मी सुरू झाले. ओलं किती, कोरडं किती, हवा कशी खेळती ठेवायची, कुजताना ऊब कशी धरते, राख जास्त झाली तर काय बिघडतं. माधव मन लावून ऐकत होता. मध्येच विचारत होता, “आणि संत्र्याची सालं?” मी संत्र्याच्या सालांवर वळले. तेवढ्यात साबणाच्या फेसाखालून गर्जना झाली:

“पोरी, आधी पाणी टाक! डोळे जळून राह्यले! मंग शिकव त्याले!”

पुढचा प्रश्न कपड्यांचा. बाबांचं धोतर नानाजींच्या पोटाभोवती अर्ध्यातच संपलं. घरात तेवढ्या घेराचं वस्त्र एकच होतं, आईचं नऊवारी लुगडं. हिरवं, लाल काठाचं. ते धोतरासारखं नेसून, उरलेलं खांद्यावर घेऊन नानाजी पाटावर येऊन बसले तेव्हा मावशींनी कुंपणावरून डोकावून आईला विचारलं, “काय वो, पाव्हणी कोन आली म्हणाव?”

नानाजींचा चेहरा इतका काळवंडला की आता हे स्थळ गेलं, यात मला शंका उरली नाही. कपडे वाळायचे होते म्हणून ते थांबले होते, एवढंच. आणि गंमत म्हणजे मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. आर्वी गेली, पुलगाव गेलं, मी दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन हजर होते. पण संत्र्याच्या सालांबद्दल विचारणारा माणूस पुन्हा कुठून यायचा? मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते आणि डोळे पुसत होते. (आईनं विचारलं तर धूर होताच.)

आईनं वाढलं. वरणभात, भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. नानाजी घुश्शातच जेवायला बसले. भरिताचा पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग भाकरी बाजूला ठेवून नुसतंच भरीत खाऊ लागले.

“वांगं कुठचं हो हे?”

 बाबांनी आईकडे पाहिलं. आई हतबल झाली होती. तिनं मानेनंच परवानगी दिली.

“आमच्या वाडीतलं!” बाबा असे उसळले, जसं बांध फुटून पाणी यावं. “सोनखतावरचं!”

“सोन… खत?” नानाजींचा घास हवेत राहिला. “म्हणजे ते सोनं…”

“तेच! सोनखत!”

“सोनखत म्हणजे काय असते?”

आणि बाबांनी सांगितलं. हेडमास्तर माणूस, अर्धवट सांगणं त्यांना जमत नसे. सकाळी गल्ली कुठे जाते, काय करते, माती केव्हा लोटते, चर कधी भरतो, तो कोण उपसतं, सगळं पायरी पायरीनं, ताटावर. नानाजींनी आधी घासाकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. मग छातीपर्यंतच्या सगळ्या नानाजींकडे पाहिलं. लुगड्याचा पदर त्यांच्या खांद्यावरून घसरला.

“म्हणजे… मी… त्याच्यात…”

“छे छे! तुम्ही पडलात तो केराचा खड्डा,” बाबा म्हणाले. “नुसता पाला आणि शेण. सोनखताचा त्याच्या शेजारचा. मातीनं झाकलाय ना, तो. दीड हात डावीकडे.”

“दीड हात?”

“फार तर दोन.”

नानाजींनी घास ताटात ठेवला, दोन्ही हात जोडले आणि वर आढ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आम्हाला वाटलं, शिव्या जमवताहेत. पण ते लेकाकडे वळले.

“माधव! पाह्यलं? दीड हात! दीड हातानं वाचवलं देवानं! ज्या घरी एवढी कृपा झाली, ते घर सोडू नोये. मले मुलगी पसंत हाये!” मग जरा वेळानं, “अन् भरीत वाढा थोडं.”

माधवनं चष्मा काढून पुसला. इतका पुसला की काचा झिजल्या असतील. मी चुलीपुढून उठले तेव्हा तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता, आणि आईनं पहिल्यांदाच मला काही म्हटलं नाही.

लग्न झालं. बाबांनी शब्द पाळला. नानाजींनी पाठवलेली बैलगाडी काठोकाठ भरून दिली, आणि माझी पाठवणी तिच्या मागच्या गाडीतून झाली. देवळीत पोहोचलो. दारात सासूबाई ओवाळायला उभ्या, भोवती साऱ्या आळीतल्या बाया. “नाव घे! नाव घेतल्याबिगर आत नाई येऊ देत!”

आईनं एक सुरेख उखाणा शिकवला होता. महादेवाची पिंड, चांदीचं तबक, असं काहीसं. ऐन वेळी तो डोक्यातून साफ उडाला. पण मी सातवी पास! थोडक्यात अडणारी नव्हते. हिंगणघाटच्या बाजारातली गर्दी आठवली, यमक आपोआप जुळलं, आणि सासरी गेल्यावर करायचं पहिलं काम तर डोक्यात पक्कं होतंच. मी खणखणीत आवाजात म्हटलं:

“हिंगणघाटच्या बाजारात बैलगाड्यांचा अड्डा,
माधवरावांचं नाव घेते, सांगा कुठं खणू खड्डा?”

सासूबाईंच्या हातातलं तबक कलंडलं. एका म्हाताऱ्या आजींनी ‘अवो माय!’ करून माधवरावांना माझ्यापासून लांब ओढलं आणि त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवायला घेतल्या. नवऱ्याचं नाव घेऊन उंबऱ्यावरच खड्ड्याची जागा विचारणारी सून देवळीनं पहिल्यांदाच पाहिली होती. आणि ती सून मान वर करून, हसऱ्या चेहऱ्यानं, टाळ्यांची वाट पाहत उभी!